घड्याळजींच्या रक्ताचे चुकलेले माप

मित्रांनो, जुन्या सूक्ष्मदर्शकाला आपली कहाणी सांगायची सवड मिळते ती बहुधा तो निकामी ठरल्यावर. माझेही तसेच झाले आहे. मी आता प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, हात धुण्याच्या बेसिनशेजारी उभा आहे आणि शाळेतून आलेल्या मुलांना माझ्यातून कांद्याचा पापुद्रा दाखवला जातो. तुम्ही डोळा लावता आणि म्हणता, “किती स्पष्ट दिसतंय!” मला ते ऐकवत नाही. स्पष्ट दिसणे आणि खरे दिसणे यांत एक अंतर असते. त्या अंतरात एका माणसाचा उजवा हात गेला. तो कसा गेला, ते मला सांगू द्या.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. मला फक्त भिंगाखाली ठेवलेले दिसते. मला कान नाहीत आणि खोलीही दिसत नाही. तरीही खोलीत घडलेले आणि बोललेले मला कळते असे धरून चाला. आत्मवृत्ताला एवढी सवलत देतात.

माझा जन्म धूळ नसलेल्या एका थंड खोलीत झाला. माझे मुख्य भिंग एका वयस्क कारागिराने घासले. तो ते उजेडात धरी, मान हलवी आणि पुन्हा घासायला घेई. अकराव्या दिवशी त्याने मान हलवली नाही. मग माझ्या पाठीशी लेसर बसवला गेला. लेसर म्हणजे वायूने भरलेली एक नळी. तिच्यातून निळा किरण निघे. आत दोन इवलेसे आरसे होते, ते हा किरण नमुन्यावरून ओळीओळीने फिरवत. पुढे एक बारीक छिद्र होते, ते नको त्या थरातून येणारा प्रकाश अडवी. त्यामुळे वस्तू न कापताही मी तिचे पातळ काप दाखवू शकत असे. शेवटी एक नळी आलेला प्रकाश मोजून त्याचा आकडा करी. मी बघतो असे लोक म्हणत. खरे तर मी केवळ मोजत होतो, आणि आता वाटते की हा फरक लोकांच्या लक्षात असता तर बरे झाले असते.

मला रक्ताच्या कामाला लावले गेले. तुमचे बोट कापले की काही मिनिटांत रक्त थांबते, कारण रक्तात विरघळलेले एक प्रथिन तंतूंच्या रूपात बाहेर येते आणि त्याचे जाळे विणले जाते. हे विणकाम अनेक कड्यांच्या साखळीने चालते. काही माणसांत त्यातली एक कडी जन्मापासूनच नसते. त्यांना बोट कापण्याची भीती कमी असते. खरी भीती आतल्या रक्तस्रावाची. कोपर, गुडघा, घोटा रक्ताने आतून भरतो आणि सांधा हळूहळू झिजतो. नसलेली कडी टोचून देता येते, पण काहींचे शरीर त्या कडीलाच शत्रू समजून नष्ट करते. अशा दुर्दैवी माणसांसाठी आमच्या प्रयोगशाळेत एक नवे औषध तपासले जात होते. ते तुटलेल्या कडीला वळसा घालून जाई. ते कोणाच्या रक्तात किती चालते, हे सांगण्याचे काम माझ्याकडे होते.

मला चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत, म्हणून मीही म्हणतो. रोग्याच्या रक्तद्रवात ताई चमकणारा रंग लावलेले थोडे प्रथिन मिसळत. जाळे विणले गेले की माझ्या निळ्या किरणाखाली तंतू हिरवे उजळत. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त चमकणारा ठिपका तंतू म्हणून धरायचा, त्याहून मंद ठिपका काळोखात जमा करायचा. शंभर ठिपक्यांत तंतूंचे किती, तो त्या माणसाचा आकडा.

माझी पहिली वर्षे कौतुकात गेली. मी काढलेले एक चित्र मोठे करून बाहेरच्या भिंतीवर लावले होते. संशोधनाचे प्रमुख डॉक्टर पाहुण्यांना माझ्यासमोर उभे करून सांगत, “हे आमचं रत्न.” पण मला जपत होत्या त्या ताई. त्या पावणेआठला येत, माझे आवरण काढत, नमुना नीट दिसावा म्हणून भिंगावर घातलेले तेल मऊ कागदाने टिपत आणि एक प्रमाण काचपट्टी लावत. तिच्यावरच्या कणांची चमक ठरलेली होती. माझा आकडा त्या चमकेशी जुळतो का हे पाहून त्या वहीत लिहीत. एवढ्याला दहा मिनिटे लागत.

नाव झाले तशी गर्दी झाली. दारावर अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने आखलेला कागद लागला. आठ वाजता येणाऱ्या गटाला आठच्या ठोक्याला काम सुरू हवे असे, आणि ताईंवर कामांचा ढीग पडला. सर्वांत आधी बळी गेला तो त्या दहा मिनिटांचा. नंतर कोणी भिंगावर तेल तसेच ठेवून जाऊ लागले. माझे आवरण कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर गेले. प्रमाण काचपट्टी कोणी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि ती तिथेच उन्हात पडून राहिली. काळजी घेणारे हात कमी झाले म्हणून मी हळवा झालो, असे समजू नका. यंत्र हळवे होत नाही. ते बिघडते.

आणखी एक नियम होता. प्रत्येक रोग्याच्या नमुन्याबरोबर त्याच दिवशी एका निरोगी माणसाचा नमुनाही मोजायचा. पहिल्या आठवड्यात तो मोजला, चौसष्ट आला. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर घाईत आत आले.

“ताई, निरोगी माणसाचं रक्त आठवड्याला काय बदलणार आहे? चौसष्ट आलेत ना? तेच धरा पुढे.”

“धरते सर, पण पद्धत म्हणून—”

“दारावरचा कागद बघितलात का? मुंगी शिरायला जागा नाही.”

डॉक्टर जे म्हणाले ते खरे होते. निरोगी रक्त बदलत नव्हते. बदलत मी होतो. वायूच्या नळीचे आयुष्य तासांत मोजतात आणि माझ्या नळीचे तास संपत आले होते. किरण दर आठवड्याला थोडा थोडा मंदावत होता. पडद्यावर तो फरक कोणाला जाणवला नाही; चित्र नेहमीसारखेच सुबक दिसत होते.

नेमक्या त्या दिवसांत घड्याळजी आले.

ते मनगटी घड्याळे दुरुस्त करत. वय बेचाळीस. सातव्या वर्षापासून त्यांचे उजवे कोपर इतक्यांदा रक्ताने भरले होते की त्यांनी मोजणे सोडले होते. शरीर नेहमीच्या औषधाला शत्रू मानणारे. उजव्या हाताची बोटे मात्र शाबूत होती आणि त्या बोटांवर त्यांचे सारे होते. कोपरातला पुढचा मोठा रक्तस्राव बोटांकडे जाणाऱ्या नसा चिरडू शकेल, हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले होते. नवे औषध लागू पडले तर हात वाचणार होता.

दर आठवड्याला ते रक्त द्यायला येत. सोबत पत्नी असत, ताई त्यांना वहिनी म्हणत.

“ताई, सुई जरा हळू. घड्याळाच्या स्क्रूला पण मी एवढा जोर लावत नाही.”

“दादा, हलू नका. झाकण उघडतेय असं समजा.”

“उघडा, पण बंद करायला विसरू नका,” वहिनी म्हणाल्या. “ह्यांचा कापूस मला तासभर दाबून धरावा लागतो. स्वयंपाक तसाच राहतो.”

“बघा ताई, माझ्या जिवापेक्षा हिला स्वयंपाकाची काळजी.”

“तुमच्या जिवालाच घालते ना तो!”

औषधाआधी त्यांचा आकडा नऊ होता. नऊ म्हणजे काळोखात इकडेतिकडे सुटलेले चार धागे. औषधानंतर पहिल्या आठवड्यात सत्तेचाळीस आला. ताईंनी तो दोनदा मोजला आणि खुर्चीत मागे टेकल्या. चाळीसच्या वर राहिला की औषध चालू ठेवायचे, सलग दोनदा खाली गेला तर थांबवायचे, असा नियम होता. नियम वाईट नव्हता. निरुपयोगी औषध शरीरात घालत राहिले तर नको तिथे गुठळी होण्याचा धोका असतो.

पाचव्या आठवड्यात घड्याळजी म्हणाले, “महिना झाला, कोपर गप्प आहे. मला चुकल्या-चुकल्यासारखं होतंय.”

आणि माझे आकडे होते सत्तेचाळीस, सेहेचाळीस, पंचेचाळीस, त्रेचाळीस, एक्केचाळीस.

कोपर एक सांगत होते, मी दुसरे. डॉक्टर म्हणाले की एका माणसाला बरे वाटणे हा पुरावा होत नाही. शास्त्राला धरूनच बोलले ते. पण एका यंत्राचा न पडताळलेला आकडा हाही पुरावा होत नाही, हे त्या खोलीत कोणी बोलले नाही.

सहाव्या आठवड्यात अडतीस आला. सातव्या आठवड्याचा दिवस मला विसरता येत नाही. जाळे माझ्यासमोर होते, मित्रांनो, आणि ते दाट होते. जाड तंतूंच्या मधून बारीक तंतू गेले होते, एकमेकांना धरून होते, एखाद्या निरोगी माणसात असावेत तसे. पण त्या बारीक तंतूंना उजळवण्याइतका प्रकाश माझ्यापाशी उरला नव्हता. ते मर्यादेखाली राहिले आणि काळोख म्हणून मोजले गेले. मी एकेका ओळीवरून किरण फिरवत होतो आणि एकेक ओळ पुसत होतो. हे थांबवायचा मार्ग मला नव्हता. नळीला इच्छाशक्ती नसते. पंखा तेवढा घरघरला, आणि ताईंनी त्याच्या जाळीवरची धूळ बोटाने पुसली.

तेहेतीस.

डॉक्टरांनी दोघांना याच खोलीत बसवून सांगितले. “सलग दोनदा चाळीसच्या खाली. औषध थांबवावं लागेल.”

“पण ह्यांचं कोपर बरं आहे हो!” वहिनी म्हणाल्या.

“सध्या बरं आहे, असं म्हणा.”

घड्याळजींनी उजव्या हाताची बोटे एकदा मिटली आणि उघडली, जणू कोणी उसनी दिलेली वस्तू परत मागितली होती.

आठ दिवसांनी दोघे उरलेल्या दोन कुप्या परत करायला आले. बर्फाच्या डब्यातून आणलेल्या त्या कुप्या ताईंनी फ्रीजमध्ये ठेवल्या. शेवटचा नमुना घ्यायचा होता. ताई सुई शोधत असताना घड्याळजी माझ्याकडे कान देऊन बसले होते.

“याचा पंखा धापा टाकतोय,” ते म्हणाले. “ताई, हे यंत्र तुम्ही कशाला लावून बघता?”

“म्हणजे?”

“गिऱ्हाईक येतं, म्हणतं घड्याळ मागे पडतंय. मी त्याचं उघडायच्या आधी माझं भिंतीवरचं रेडिओला लावून बघतो. एकदा माझंच वीस मिनिटं मागे निघालं होतं. चांगली घड्याळं बिघडवून ठेवली मी त्या दिवशी.”

ताईंचा हात तसाच राहिला. मग त्यांनी वही काढली. शेवटची नोंद चार महिन्यांपूर्वीची होती.

त्या खिडकीकडे गेल्या, प्रमाण काचपट्टी आणली, लावली. आकडा निम्म्यावर आला होता. पण काचपट्टी चार महिने उन्हात पडलेली. उन्हाने तिचीही चमक उडते. मी मंदावलो होतो, की ती, की दोघेही, हे त्या आकड्यावरून ठरत नव्हते. जिच्यावर मला पारखायचे तीच बिघडून बसली होती. ताईंनी कपाळ टेबलावर टेकले. मला वाटले, संपले.

मग त्या उठल्या आणि स्वतःच्या बाहीची गुंडी सोडू लागल्या.

“वहिनी, हा पट्टा माझ्या दंडाला आवळा.”

“तुम्हाला काय झालंय?”

“काही नाही झालेलं. तेच तर हवंय.”

एका माणसावरून निष्कर्ष निघत नाही, हे ताईंना माहीत होते. वहिनींनी न विचारता आपलाही हात पुढे केला. दारावरच्या रखवालदाराला बोलावले. तो म्हणाला, “आणीन म्हणाल तिथून चहा, पण रक्त?” तरी बसला. एवढ्यात डॉक्टर आले. कागदावर त्यांचा वेळ लिहिलेला होता आणि तो वाहून चालला होता. ते रागावण्यासाठी तोंड उघडणार, तोच ताईंनी वहीचे पान त्यांच्यापुढे धरले. ते त्यांनी दोनदा वाचले. मग कोट काढून खुर्चीवर टाकला आणि चौथे बसले.

दीड तासाने आकडे आले. ताईंचे चव्वेचाळीस. वहिनींचे बेचाळीस. रखवालदाराचे पंचेचाळीस. डॉक्टरांचे त्रेचाळीस.

“चौसष्टच्या जागी त्रेचाळीस,” डॉक्टर हळू म्हणाले. “या हिशेबानं मी काठावरचा रोगी झालो.”

“आणि दादांचे तेहेतीस म्हणजे अठ्ठेचाळीसच्या आसपास, सर. हिशेब ढोबळ आहे.”

“औषध चालत होतं.”

“हो.”

वहिनींना टक्केवारी कळली नसेल; ‘चालत होतं’ हे कळले. “मग द्या ना! फ्रीजमध्येच आहे. आत्ताच नाही का मी आणलं?”

डॉक्टर तिथेच उभे राहिले. “परत आलेली कुपी पुन्हा देता येत नाही. वाटेत ती थंड राहिली की नाही, हे कोण सांगणार?”

“मी सांगते! बर्फ वितळलासुद्धा नव्हता.”

“तुमच्यावर विश्वास आहे माझा. पण डब्यात थर्मामीटर नव्हता.”

त्या खोलीत मोजमापाचा नियम कित्येक महिन्यांनी काटेकोरपणे पाळला गेला, तो त्या क्षणी. फ्रीज माझ्यापासून तीन पावलांवर होता.

नव्या कुप्यांना तीन सह्या लागत. डॉक्टरांनी जेवण सोडून फोन केले. एक सही त्याच दिवशी झाली, दुसरी दुसऱ्या दिवशी. तिसरी सही करणारे गृहस्थ परगावी होते. ताई दर तासाला येऊन फ्रीज उघडत आणि बंद करत. आत काही बदलणार नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होते. मी त्या दोन दिवसांत एकही नमुना मोजला नाही. मला कोणी हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी घड्याळजींनी दुकानाचे शटर वर ढकलले. ते रोजच ढकलत. कोपराच्या खाली काहीतरी उसवल्यासारखे झाले, असे ते नंतर म्हणाले. दुपारपर्यंत हात कोपरापासून मनगटापर्यंत टणक झाला. तिसरी सही होऊन नव्या कुप्या संध्याकाळी पाच वाजता आल्या. औषध लागू पडले, रक्त थांबले आणि मग शल्यचिकित्सकांना हात उघडून आतला दाब कमी करता आला. नसा तोवर सात तास दाबल्या गेल्या होत्या. हे सगळे मी ताईंच्या फोनवरच्या बोलण्यातून ऐकले. त्या माझ्याकडे पाठ करून बोलत होत्या.

दोन महिन्यांनी दोघे आले. उजव्या हाताची तीन बोटे तळव्याकडे मिटलेली होती. अंगठा आणि पहिले बोट हलत होते, पण चिमटा धरण्याइतके एकमेकांना भेटत नव्हते.

“दहा मिनिटं?” वहिनींनी ताईंना विचारले. “रोज नुसती दहा मिनिटं लागायची?”

“हो, वहिनी.”

“मी तासभर कापूस धरून बसायची हो. दर वेळी.”

घड्याळजींनी वहिनींच्या खांद्याला डावा हात लावला आणि म्हणाले, “चल. डाव्या हाताला शाळेत घालायचंय मला.”

माझ्यात शेवटची म्हणून नवी नळी बसवली गेली. आधी एक निरोगी नमुना मोजला, मग गोठवून ठेवलेले घड्याळजींचे सगळे नमुने एकामागून एक. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस, सेहेचाळीस, अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस, सत्तेचाळीस. अहवालातली आकड्यांची ओळ खोडून नवी लिहिली गेली, तळाशी खुलासा जोडला गेला आणि औषध उपयुक्त ठरले. इतरांना ते मिळू लागले आहे. हे चांगले झाले, ते नाकारण्याचे मला कारण नाही. मिटलेली बोटे मात्र कोणत्याही नव्या नळीने उघडली नाहीत.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी यंत्राने म्हणायचे असते की मला पुसत जा, झाकून ठेवा, माझ्यावर प्रेम करा. पुसा आणि झाका जरूर. प्रेमाची मला गरज नाही. माझ्यावर संशय घ्या. रोज घ्या, काम सुरू करण्याआधी घ्या आणि मी चांगला दिसत असेन त्या दिवशी अधिक घ्या.

हे मी आज इतक्या घाईने का सांगतो आहे, तेही ऐका. पलीकडच्या टेबलावर माझ्या जागी नवे यंत्र आले आहे. घड्याळजींचे औषध चालू आहे आणि दर सोमवारी त्यांचा नमुना त्या यंत्रावर मोजला जातो. डाव्या हाताने ते आता घड्याळाचे मागचे झाकण उघडू शकतात. स्क्रू अजून निसटतात. डावे कोपर मागच्या महिन्यात एकदा सुजून गेले. ताई तीन आठवड्यांच्या रजेवर आहेत. त्यांच्या जागी आलेला माणूस कामसू आहे, हसतमुख आहे, आणि पहिल्याच दिवशी तो म्हणाला, “नवंकोरं यंत्र आहे, त्याला काय धाड भरलीय?” त्याच्या वहीत निरोगी नमुन्याच्या रकान्यात दोन आठवडे तोच आकडा उतरवलेला आहे. घड्याळजींचा आकडा या आठवड्यात पंचेचाळीस होता. मागच्या आठवड्यात सत्तेचाळीस.

कदाचित हा निव्वळ योगायोग असेल. दोनाचा फरक कधीकधी असाच पडतो. मला माहीत नाही, आणि इथे कोणालाच माहीत नाही, कारण कोणी पडताळून पाहिलेले नाही.

मला आवाज नाही. तुम्ही आत्ता रांगेत उभे आहात, पुढच्या मिनिटाला तुमचे शिक्षक टाळी वाजवून तुम्हाला बाहेर नेतील. कांद्याचा पापुद्रा राहू द्या. तो माणूस पलीकडे बसला आहे, बारा पावलांवर. तुमच्यापैकी जो कोणी मोठ्यांशी बोलायला घाबरत नसेल, त्याने आत्ता त्याच्याकडे जावे आणि विचारावे, “हे यंत्र तुम्ही कशाला लावून बघता?”